दोरीचं दुसरं टोक

मु. पाथरोली, ता. रोहे, जि. कुलाबा
ता. २४ ऑक्टोबर १९७१

तुझ्या पत्राला काजळ कोणी फासलं ते आधी सांग. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा वाटलं शाई सांडली. उन्हात धरलं तर सरळ रेघा, पट्टी लावून मारलेल्या. एकूण अकरा ओळी, त्यातल्या चार काळ्या. नातवानं आजीला लिहिलेलं तिसऱ्यानंच वाचायचं आणि त्याला रुचलं नाय ते पुसून टाकायचं, ही कुठली रीत? तुझ्या आज्याचं एक पत्र माझ्या सासऱ्यानं फोडलं होतं, पण काजळ नाय फासलं. वाचलं आणि आठ दिवस माझ्याकडे बघायचं टाळलं. एवढी लाज तुमच्या साहेबाला असावी.

आता आशीर्वाद. माझं बरं हाय. म्हस बरी हाय. भात कापून झालं, झोडायचं राहिलं.

उरलेल्या सात ओळींत कळलं ते एवढंच, की तुला गुणाजीच्या कारखान्यातले बारीक कुंचले पाहिजेत आणि काळा-पांढरा रंग. म्हणून एस्टीनं पेणला गेले. गुणाजी म्हणतो, "म्हातारे, तुझा नातू लढाईला गेलाय की गणपतीचे डोळे काढायला?" मी म्हटलं, मला काय माहीत, पत्रात तिथंच काजळ हाय. त्यानं तीन कुंचले दिले, त्यातला एक तुझाच, दांड्याला दोरा गुंडाळलेला. म्हणाला, तू गेल्यापासून डोळ्यांच्या आखणीला माणूस मिळत नाय, यंदा दोन गणपती तिरळे गेले.

शेजारच्या काशीच्या सखाचं पत्र नाय. ती रोज येऊन उंबऱ्यावर बसते. त्याला म्हणावं, आईला दोन ओळी टाक. तो लिहीत नाय कारण त्याला बूड टेकवता येत नाय, हे मला ठाऊक हाय. गुणाजीकडे तू डोळे काढायचास तेव्हा तो माती मळायचा, तीपण नाचत. त्याला हलल्याशिवाय केस कापून घेता येत नाय, न्हाव्यानं दोनदा कान कापलाय.

माझं शिक्षण दुसरी, तेपण अर्धं. चुका असतील तर काजळवाल्यानं सुधाराव्या.

हौसाबाई


मार्फत ५६ ए. पी. ओ.
ता. १२ नोव्हेंबर १९७१

ती. आजीस केरूचा साष्टांग नमस्कार.

पत्रं तपासायचा नियम आहे. आम्ही कुठे आहोत ते शत्रूला कळू नये म्हणून. माझी आजी शत्रू नाही असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तिचं पत्र मी वाचलंय, खात्री देता येणार नाही.

कुंचले मिळाले. रंगाच्या डबीचं झाकण सुटलं होतं पण निम्मा वाचला.

इथे गव्हाची शेतं आहेत आणि एक लांब बांध आहे. आपल्या खारबांधासारखाच, फक्त पुढे खाडी नाही, खंदक आहे. खंदकापलीकडे पुरुषभर गवत, मग पलीकडच्यांचा बांध. पाखरांचा त्रास आहे, आणखी वाढेल असं सगळे म्हणतात. सुभेदारसाहेबांनी विचारलं, हाताचं काम कोणाला येतं. सखा ओरडला, "हा पेणचा, देव घडवतो." म्हणून मला बुजगावणी करायला बसवलंय.

धड पोत्याचं, आत पेंढा, वर जुना कोट. डोकं मातीचं. इथली माती पिवळी, शाडूसारखी धरत नाही, सखा तिच्यात भुसा घालून मळतो. पहिलं डोकं बांधावर ठेवलं. साहेबांनी मला लांब नेलं, दुर्बीण दिली आणि म्हणाले, काय दिसतं? मी म्हटलं, मडकं. मग त्याला डोळे काढले. बुबुळं भरली, डाव्या बुबुळात पांढरा ठिपका दिला, आपण उजेड दाखवायला देतो तसा. परत दुर्बिणीतून पाहिलं तर तो माझ्याकडे बघत होता. साहेब हसले नाहीत. म्हणाले, अशी बारा कर.

सखा मजेत आहे. काशीकाकूला सांग, तो लिहितो म्हणाला आहे.

तुझा केरू


पाथरोली
ता. २५ नोव्हेंबर १९७१

केरूस आशीर्वाद.

पाखरं म्हणजे कोण ते मला कळलं. तुमच्या काजळवाल्याला कळलं नाय की कळून सोडलं, त्याचं तो जाणे. पण एक सांग. आमच्याकडे बुजगावणं उभं करतात ते पाखरू पळून जावं म्हणून. तू करतोस ते त्यानं यावं म्हणून. मग त्याला बुजगावणं नको म्हणू. ते आमिष झालं, गळाला लावतात तसलं.

बांधाचं लिहिलंस म्हणून मला माझ्या माहेरची लढाई आठवली. तुला कधी सांगितली नाय. माझं माहेर पेणच्या खाली खाडीला. आमच्या गावाचा बांध अल्याड, दुसऱ्या गावाचा पल्याड. भादव्याचं उधाण आलं की पाणी कुठंतरी घुसणार. त्यांचा बांध फुटला की आमचा वाचतो, आमचा फुटला की त्यांचा. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भात नाय. त्यासाठी लोक एकमेकांचे बांध फोडायचे आणि माणसंपण.

पण त्याला रीत होती. सकाळी ढोल वाजला की समजायचं, आज येतायत. गडी कोयत्यानं आणि काठीनं, बायका बांधावरून गोफणीनं. ओहोटी लागली की थांबायचं आणि आपापले उचलायचे. चिखलात रुतलेल्याला मारायचं नाय, ही खाडीची शपथ. खाडीच्या चिखलात कमरेइतका माणूस गेला की त्याचा लाकडाचा खुंटा होतो. खुंट्याला मारून काय मिळवायचं.

तुझा बाप पोटात होता, सातवा महिना, म्हणून मी माहेरी होते. त्या वर्षी ढोल वाजलाच नाय. ते पहाटेला गुपचूप कुदळी घेऊन आले आणि एकाजवळ ठासणीची बंदूक होती. आमच्या बांधावर बंदूक तोवर कोणी बघितली नव्हती. माझा भाऊ कान्हू कोयता घेऊन पुढं झाला. बंदुकीत गोळी नव्हती, खिळे भरलेले. त्याचं पोट उघडलं. आतडं दोन्ही हातांनी धरून तो बांधावर बसला आणि मला म्हणाला, "हौसे, गोफण घे गो." दुसरं काय बोलला नाय. बंदूकवाला पुन्हा दारू ठासत होता, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात आमच्या गड्यांनी त्याचा हात खांद्यातून उतरवला. बंदूक हातासकट पाण्यात गेली. एकाचा कान, एकाचा जबडा. बांधावर रक्तानं पाय घसरत होते. मी जनू नावाच्या गड्याला कपाळावर दगड घातला. तो बांध खणत होता. त्याच्या लग्नात मी जेवले होते. तो खाली चिखलात गेला, बाकीचे पळाले, बांधाला खांड पडली नाय. गावानं मला लुगडं घेतलं.

माझा सासरा चौदा सालच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता. तो म्हणायचा, तिथं एक बंदूक होती, तिला म्हशीसारखं पाणी पाजावं लागायचं. एक जण पाणी घालतो, एक जण दाबून धरतो आणि समोरची अख्खी रांग भातासारखी आडवी होते. कोणी मारलं आणि कोण मेला, दोघांना ठाऊक नाय. त्याला ते आवडलं नव्हतं. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याचा कोयता तिथं कामाला आला नाय म्हणून रडतोय.

आता तू दुर्बीण आणलीस. बघ बाबा.

सखाला बुजगावण्यांच्या जवळ ठेवू नको. तो हलेल आणि सगळं उघडं पाडेल.

हौसाबाई


मार्फत ५६ ए. पी. ओ.
ता. ९ डिसेंबर १९७१

ती. आजीस नमस्कार.

लढाई जुंपली, रेडिओवर ऐकलं असशील. मी आणि सखा खुशाल आहोत. वेळ थोडा आहे.

माझ्या बाराही डोक्यांनी काम केलं. पाखरांनी पहिल्या दिवशी त्यांच्यावरच दाणे टाकले. कुठून टाकले ते आमच्या तोफांनी हेरलं आणि पाखरं बसली होती ती झाडंच उपटली. मी दुर्बिणीतून बघितलं. एक जण झाडावरून उतरला, चार पावलं चालला आणि मग त्याला डोकं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं असावं. सुभेदारसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी पाखरं शहाणी झाली. न हलणाऱ्या डोक्यावर आता कोणी गोळी फुकट घालवत नाही. आमचा खंदक म्हणजे नुसता पेंढा अशी त्यांची समजूत झाली आहे. साहेब म्हणतात, ही समजूत लाखमोलाची आहे.

तर बुजगावण्यांच्या मध्ये सात माणसं बसणार (हे पत्र साहेब डाव झाल्यावरच टपालात टाकणार आहेत). तोंडाला तीच माती, तीच दोन बोटं जाड. पापणी लवली तर दुर्बिणीत दिसते, म्हणून डोळे मिटायचे आणि मिटलेल्या पापणीवर मी डोळा काढायचा. सगळ्यांच्या अंगठ्याला वेढा देत एक सुतळी जाईल. टोक माझ्याकडे, मागच्या खड्ड्यात. मी ओढली की खरे डोळे उघडायचे. दोनदा ओढाओढ करायची नाही, एकदाच.

पहिलं नाव सखाने दिलं. तू म्हणालीस तो हलेल. काल तालीम घेतली. तीन तास बसला. नाकावर माशी फिरली तरी बसला. मी पापण्या रंगवल्या तेव्हा म्हणाला, "आजीला कळव, सख्याला चार डोळे झाले, आता काशीकाकूच्या हातचे उकडीचे मोदक दुरूनसुद्धा दिसतात." स्वतःच्या आईला काकू म्हणतो, माझी नक्कल करतो.

तुझा केरू


पाथरोली
ता. ३ जानेवारी १९७२

लढाई थांबून सतरा दिवस झाले आणि तू गप्प.

काशीला तार आली. ती तार घेऊन माझ्याकडे आली, कारण गावात तिला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं नव्हतं. मी वाचली. ती म्हणाली, "पुन्हा वाच गो." मी पुन्हा वाचली. तारेत लिहिलेलं बदलत नाय. ती उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली, माझ्या म्हशीला, तिच्या नाय.

मागाहून तुमच्या साहेबाचं टायपाचं पत्र आलं. त्यात हाय की सखाराम शत्रूच्या तोफगोळ्यानं क्षणात गेला, त्याला वेदना झाल्या नाय, कंपनीला त्याचा अभिमान वाटतो. काशीनं विचारलं, "क्षणात म्हणजे किती वेळ?" मी म्हटलं, पापणी लवेस्तोवर. ती म्हणाली, मग ठीक.

तू त्याच्याबरोबर होतास. तू लिही.

हौसाबाई


मार्फत ५६ ए. पी. ओ.
ता. १४ जानेवारी १९७२

ती. आजीस केरूचा साष्टांग नमस्कार.

साहेबांनी लिहिलं तेच खरं. ११ डिसेंबरला आमचा डाव साधला. पाखरं बेसावध आली आणि त्यांची एक तुकडी परत गेली नाही. त्यानंतर त्यांच्या तोफा चालू झाल्या. सखा त्यात गेला. एका क्षणात. त्याला काही कळलं नसेल. मोठ्या मानाने त्याला अग्नी दिला. काशीकाकूला माझा नमस्कार सांग आणि धीर दे.

हवा थंड आहे. माझी प्रकृती बरी आहे.

आपला आज्ञाधारक,
केरू


पाथरोली
ता. २० फेब्रुवारी १९७२

आज्ञाधारक म्हणे. तू जन्मात मला असं लिहिलं नायस. ते वाचलं तेव्हाच मला कळलं की पत्राला काजळ लागलंय, आणि या वेळी साहेबानं नाय लावलेलं.

तुमच्यातला हिरामण हाताला गोळी लागून पुण्याच्या दवाखान्यात होता. तो आता रोह्याला घरी आलाय. मी गेले. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी त्याला विचारलं, सखाला आंघोळ कोणी घातली? तो म्हणाला, हिंडताफिरता येत होतं म्हणून मी, एका हातानं, दुसरा बांधलेला होता. मी म्हटलं, तोंडावरची माती निघाली का? तो म्हणाला, "निघाली आजी, पण नखातली निघेना. दहाही नखांत गच्च भरली होती." मग त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली आणि तो उठून मागल्या दारी गेला. तू काय केलंस ते त्यानं सांगितलं नाय. तुझं नाव काढलं की तो खाली बघतो.

मी आयुष्यभर माणसं धुतली हायत केरू, मेलेलीपण. क्षणात मेलेल्या माणसाच्या नखात माती जात नाय. नखात माती जायला वेळ लागतो.

काशीला मी हे सांगितलेलं नाय. ती अजून म्हणते, पापणी लवेस्तोवर.

आता मी तुला लिहिलेलं एक खोटं दुरुस्त करते. जनूचं.

पहिल्या दगडानं तो चिखलात गेला ते खरं. कमरेपर्यंत. तेवढ्यात ओहोटी लागली आणि आमच्या गड्यांनी हात थांबवले. मी कान्हूकडे बघितलं, त्याचे हात पोटावरून सुटले होते आणि पोटातलं सगळं बांधावर होतं. जनूनं माझ्याकडे बघून हात जोडले. तो म्हणाला, "हौसे, थांब." नावानं म्हणाला. मी गोफणीत दगड घातला. वीस पावलांवर, न हलणारा माणूस, त्यात काय नेम धरायचा. डोळ्यात गेला. तरी मेला नाय. बोंबलत होता. दोन्हीकडची माणसं उभी राहून बघत होती, आणि मी शपथ मोडली म्हणून त्यांची माणसं त्याला न्यायला पुढं येईनात. आता खाली उतरलं तर आपल्यालापण मारतील, असं त्यांना वाटलं. भरती आली तेव्हा तो बुडाला. सहा तास लागले. लुगडं मला त्याच्यासाठी मिळालं.

तुला वाटत असेल जुन्या काळी रीत होती आणि आता नाय. तसं नाय. त्यांनी ढोल मोडला, आम्ही शपथ मोडली, दोन्ही एका सकाळी. बंदूक आली म्हणून झालं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण माझ्या हातात गोफणच होती, पाखरं हाकायची.

त्याची आई सीताबाई पेणच्या बाजारात मीठ विकायची. दर वर्षी मला विचारायची, "तू त्या गावची ना गो, शेवटी माझ्या जनूजवळ कोण होतं?" मी म्हणायचे, मला ठाऊक नाय, मी बाळंतपणाला आले होते. मग ती मला मीठ मापायची, मापावर एक मूठ जास्त घालायची, आणि मी ते घेऊन यायचे. अकरा वर्षं. मग ती मेली.

आता तू लिही. बुजगावणं, पाखरं, दाणे असलं काय नको. लढाई संपली. माणसाला माणूस म्हण.

हौसाबाई


मार्फत ५६ ए. पी. ओ.
ता. ८ मार्च १९७२

आजी,

त्या सकाळी धुकं होतं. सात माणसं, बारा बुजगावणी, सगळी एका ओळीत मिसळून बसलेली. मी मागच्या खड्ड्यात, हातात सुतळी. ते बावीस जण आले. हसत आले. एकाने बंदुकीच्या दस्त्याने एका बुजगावण्याचं डोकं उडवलं. दुसऱ्याने एकाच्या तोंडात स्वतःची विडी खोचली आणि पुढच्याकडे वळला. तो पुढचा हिरामण होता. मी सुतळी ओढली.

दहा पावलांवरून गोळी लागली की माणूस पडत नाही, मागे फेकला जातो. पहिले आठ-नऊ तसे गेले. मग सगळे एकमेकांत घुसले. मीही खड्ड्यातून निघून खंदकात उतरलो. ज्याला मी संगीन लावली त्याने पातं दोन्ही हातांनी धरलं. बोटं कापली गेली तरी सोडेना. मी त्याच्या छातीवर पाय ठेवून ती ओढून काढली. तो काहीतरी म्हणत होता. दिसायला आपल्या गुणाजीमालकासारखा होता, तशाच मिशा. आमच्या एकाने फावड्याने एकाची मान तोडली, दोन घाव लागले. हे सगळं आमची मातीची तोंडं करत होती. त्यांच्यातला एक जण नुसता आमच्याकडे बघून किंचाळत होता, लढलाच नाही. त्याला आम्ही तसाच मारला.

शिटी झाली. तोफा येणार, मागच्या बांधावर पळा, असा हुकूम. माणसं मागे आणायचं काम माझं, कारण मी त्यांना बसवलं होतं. मी हिरामणला धरून आणलं. मोजलं तर सहा. सुभेदारसाहेब म्हणाले, सातवा? मी परत खंदकाच्या काठापर्यंत गेलो. धूर आणि धुकं. ओळीने तोंडं, मातीची, सगळ्यांचे डोळे उघडे. मी हाक मारली, "सखा." कोणी हललं नाही. मी ओळीपासून चार हातांवरून गेलो. एका तोंडाशी थांबलो. डाव्या बुबुळात पांढरा ठिपका. माझ्याच हातचा. मनात आलं, हे आपलंच बुजगावणं, चांगलं जमलंय. असं मनात आलं, आजी. आणि मी पुढे गेलो.

मागे जाऊन सांगितलं, तो खंदकात नाही, मारामारीत गवतात घुसला असेल. तोफा दुपारपर्यंत चालल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही खंदकात गेलो. एका बुजगावण्याच्या कोटातून रक्त आलं होतं, कमरेपर्यंत वाळलेलं.

त्याला गोळा लागला नव्हता. मारामारीत गळ्यात गोळी गेली होती, म्हणून ओरडता आलं नाही. मी समोर उभा होतो तेव्हा तो बेशुद्ध असेल, डोळे मिटलेले, आणि मिटल्यावर ते उघडे दिसायचे. नंतर शुद्धीवर आला. उजव्या डोळ्यावरची माती त्याने नखांनी खरवडून काढली होती, पापणीच्या कातड्यासकट.

आणि सुतळी. बाकीच्यांनी आपले अंगठे सोडवले होते. मी माझं टोक खड्ड्यात टाकून निघालो होतो. ती चाळीस हात सुतळी सगळीच्या सगळी त्याच्या मांडीवर गोळा झाली होती. तो तिकडून ओढत बसला होता. दुसरं टोक हाताला येईपर्यंत ओढत होता.

साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, घरी कोणाला लिहू नकोस, त्या आईचं काय भलं होणार आहे त्यात. मला ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. तरी हे पत्र तपासणीला न देता पाठवतो.

मला आता पुन्हा कुंचला धरवेल असं वाटत नाही.

केरू


पाथरोली
ता. १९ मार्च १९७२

केरूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. काशीला वाचून दाखवलं नाय. जाळलंपण नाय, चुलीवरच्या फळीवर पिठाच्या डब्याखाली हाय.

कुंचल्याचं काय बाय लिहू नको. ते तुझ्या पोटाचं हाय, ते तू धरशील. गुणाजीनं विचारलंय की श्रावणात येणार का. मी हो सांगितलंय.

परवा मी माहेरच्या खाडीला जाऊन आले. पल्याडच्या गावात, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा. जनूचं घर विचारलं. दारात जनूच्या धाकट्या भावाची सून उभी होती, कडेवर पोर. मी म्हटलं, मला तुमच्या जनूबद्दल सांगायचं हाय. ती म्हणाली, "कोण जनू?" घरात कोणाला ठाऊक नाय. सीताबाईचंसुद्धा नाव तिला नीट सांगता आलं नाय. मला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं, आणि विचारलं की आजी, तुम्ही मतांच्या याद्या करायला आलात का. मी पाणी प्यायले आणि उठले. सांगायला गेलेलं सांगायला माणूसच उरलं नाय. हे उशिराचं फळ मी बघून आले, ते तुला कळवते.

तुझा साहेब म्हणतो काशीचं भलं होणार नाय. नायच होणार. काशी तुझं तळपट करील, तुझ्या बुबुळांना शिव्या घालील, कदाचित माझ्या घरात पाय ठेवायची नाय. तीस वर्षांचं शेजारपण जाईल. जाऊ दे. पण ती अजून बोटं मोजते आणि म्हणते, पापणी लवेस्तोवर. तिच्या पोराची पापणी कशी होती ते तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय, हिरामणला ठाऊक हाय, टायप करणाऱ्या साहेबाला ठाऊक हाय. एक तिलाच नाय.

सखानं चाळीस हात दोरी ओढली, टोकाला कोणी नव्हतं. आता काशी ओढतेय. रोज उंबऱ्यावर येते आणि विचारते, केरूचं पत्र आलं का गो, सख्याचं काय लिहिलंय का. या वेळी टोक खड्ड्यात टाकून जाऊ देणार नाय मी तुला.

तर ऐक. तू काशीला लिही. तिच्या नावानं, तिच्या पत्त्यावर. टायपाचं नको, साहेबाकडून नको, हिरामणच्या तोंडून नको, तुझ्या हातानं. मला लिहिलंस ते सगळं लिही, पांढऱ्या ठिपक्यासकट. वाचून मी दाखवीन आणि एक ओळ गाळणार नाय. जनूचंपण मी तिला त्याच बैठकीत सांगणार हाय, म्हणजे शिव्या वाटून घेता येतील. तिला उलट काय लिहायचं असेल तर ती सांगेल तसं मी उतरवीन, शिवीला शिवी. तिनं काय सांगितलं नाय तर कोरा कागद पाठवीन, तो तू जपून ठेव.

मला उत्तर टाकू नको. माझं तुला काय विचारायचं राहिलेलं नाय. उत्तर काशीला दे.

हौसाबाई